उकंडरावांचं पक्कं काम

उकंडराव सातवांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा कधी सैल झाली नाही, हे नांदुऱ्यातला त्यांचा वैरीसुद्धा कबूल करील. ती पुन्हा कधी उघडली नाही, हे त्यांचे मित्र सांगतात. माझं सायकलचं दुकान त्यांच्या दुकानाला भिंतीला भिंत लागून होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंची साक्ष मी देऊ शकतो.

घराणं माळ्याचं. भाऊ वांगी आणि मेथी पिकवून सुखानं खात होते. उकंडरावांना मात्र मातीत रस नव्हता. गच्च भरलेलं, ताणलेलं, ठोकलेलं काही दिसलं की त्यांचा चेहरा खुलायचा. म्हणून ते गाद्या भरत, दमणीच्या, म्हणजे हलक्या बैलगाडीच्या, बैठकी शिवत, छत्र्यांना कापड चढवत. नवा महाराष्ट्र झाला त्या सुमारास गावात कापसाच्या पैशातून दोनचार मोटारी आल्या, तेव्हा त्यांनी दुकानावर 'मोटारीच्या बैठकी भरून मिळतील' अशी पाटी लावली. ती पाटी अशी ठोकली होती की पुढे रंगवायला काढायची म्हटलं तेव्हा भिंत काढा, पाटी निघणार नाही, असं गवंडी म्हणाला.

या पक्केपणाचं मूळ त्यांच्या नावात आहे असं मला वाटतं. आईची आधीची पोरं एकामागून एक गेली, म्हणून हे जन्मल्यावर सुईणीनं यांना नेऊन उकिरड्यावर ठेवलं. हा केर आहे असं समजून यमानं पुढे जावं, एवढाच हेतू. यम पुढे गेला, पोर टिकलं आणि नाव उकंडा पडलं. टिकण्याचं महत्त्व त्यांना उकिरड्यावरच कळलं असणार. पुढे ते लोकांच्या सगळ्या वस्तू टिकवत सुटले, लोकांची इच्छा असो वा नसो.

भजनी मंडळाची बाजाची पेटी फुसफुसते म्हणून त्यांच्याकडे आली होती. उकंडरावांनी भात्याला असं जाड कातडं चिकटवलं की पेटीचं फुसफुसणं थांबलं, आणि वाजणंही थांबलं. मंडळानं बरेच दिवस नुसत्या टाळांवर देव आळवला. महादेवराव मास्तरांची छत्री उघडली की मिटत नसे, म्हणून मास्तर उन्हाळ्यातही ती डोक्यावर धरून शाळेत जात आणि दारातून आडवी करून आत नेत. कोणी तक्रार केली की उकंडराव शांतपणे विचारत, "सैल झालं काय?" सैल झालेलं नसायचंच. मग तक्रार करणाऱ्यानं बोलायचं काय?

तर अशा माणसाची एकुलती लेक विमल धाडच्या गुलाबरावांच्या घरी दिली. गुलाबराव म्हणजे मोठे जमीनदार. मुलगा निवृत्ती शिकलेला, गरीब स्वभावाचा, बापापुढे मान वर न करणारा. आणि दारात काळी विलायती मोटार. ती आधी कोणा साहेबाची होती, मग एका वकिलाची, आणि दोघांची हाडं खिळखिळी करून ती गुलाबरावांकडे आली होती. पण धाडमध्ये दुसरी मोटार नव्हती, त्यामुळे हिला खिळखिळी म्हणायची कोणाची छाती नव्हती.

ती छाती उकंडरावांनी दाखवली, तीही लग्नाच्या मांडवात, लेकीच्या पाठवणीच्या वेळी. झालं असं, की विहीणबाई सरस्वतीबाई मोटारीत बसायला गेल्या, तर दाराच्या आतलं अस्तर एका बाजूनं सुटून बाहेर आलं होतं. रेक्झिन चढवलेलं पुठ्ठ्याचं फळकट असतं ना, तेच. त्याची गंजलेली क्लिप बाईंच्या नव्या लुगड्यात अडकली आणि पदर टर्रकन फाटला. अशा वेळी मुलीच्या बापानं काय करावं? हात जोडावेत, आणखी एक लुगडं मागवावं. उकंडराव धावले खरे, पण पदराकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते दारापाशी उकिडवे बसले, अस्तर दोन बोटांनी हलवून पाहिलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इवाई, दार लय खिळखिळं हाये तुमचं! आनून देजा, पक्कं करून देतो."

मांडव हसला. गुलाबरावांनी भरलेला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. "या घरचं पानी आता पेनार नाई," एवढं बोलून ते मोटारीत बसले. इवाई म्हणजे व्याही. पण त्या दिवसानंतर तो शब्द त्यांच्या तोंडातून गेला. उकंडरावांचा उल्लेख ते 'तो गादीवाला' असा करू लागले.

विमल नागपंचमीला माहेरी आली आणि तिथेच राहिली. तिला न्यायला कोणी येईना. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळीही गेली. धाडहून निरोप आला तो असा: आमची मोटार पडली खिळखिळी, तुमची पोर तिच्यात कशी बसेल? एसटीनं नेऊन सोडावी म्हटलं, तर बापानं आपण होऊन आणून टाकलेल्या सुनेची सासरी काय किंमत राहते, ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. विमल पाण्याला गेली की बायका विचारत, "अजून इथंच काय वं?" ती हसून मान हलवी आणि घागर उचलून भराभर निघे. मला फार वाईट वाटायचं. एका पुठ्ठ्याच्या फळकटापायी एका पोरीचा संसार रस्त्यात उभा होता, आणि दोन शहाणे बाप एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला तयार नव्हते. दोघांनाही सडकून काढावं असं वाटे, पण एक माझा शेजारी होता आणि दुसरा धाडला.

मार्गशीर्षात गुलाबराव कापूस विकायला नांदुऱ्याला आले. कापूस विकला, ढोरांसाठी ढेपेची, म्हणजे सरकीच्या पेंडेची, पोती घेतली आणि ती मोटारीच्या मागच्या बैठकीवर उजव्या बाजूनं छतापर्यंत रचली. मग जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, वळणावर एका खड्ड्यात डाव्या दाराचं ते अस्तर पार निखळलं आणि त्यांच्या मांडीवर येऊन पडलं. ते नुसतं काच फिरवायच्या दांड्याला लोंबकळत होतं. आता खरी अडचण अशी, की सरस्वतीबाईंनी त्या दाराची दुरुस्ती होईपर्यंत मोटारीत पाऊल टाकायचं नाही अशी शपथ घेतली होती, आणि त्यांच्या भावाकडचं लग्न तोंडावर आलं होतं. गुलाबराव धाडमध्ये कोणाला भीत नसत, पण धाडमध्ये सरस्वतीबाईही राहत होत्या.

मोटार माझ्या दुकानासमोर उभी राहिली. गुलाबराव उतरले आणि समोरच्या चहाच्या हॉटेलात, रस्त्याकडे पाठ करून बसले. ड्रायव्हर सहदेव आमच्याकडे आला. बिचारा दोन्ही घरांना ओळखून होता, लग्नात त्यानंच मोटार चालवली होती.

"मालक पुसते," तो उकंडरावांना म्हणाला, "का गावात मोटारीचं असं काम करनारा दुसरा कोनी हाये काय?"

"नाई म्हना," उकंडराव दोरा ओवता ओवता म्हणाले.

सहदेव रस्ता ओलांडून गेला आणि परत आला. "मालक म्हनते, मंग या गादीवाल्यालेच दाखव."

"मोटारवाल्याले सांग, खोलून पाहा लागते."

रस्ता केवढा? एक बैलगाडी आडवी लावली की भरून जाईल एवढा. गुलाबरावांना शब्द न् शब्द ऐकू येत होता, पण सहदेवनं येऊन सांगेपर्यंत ते ऐकलंच नाही असा चेहरा करत. उकंडरावांचंही तेच. सहदेवच्या वहाणा झिजल्या, पण दोघांचा मान राखला गेला. आत दुकानामागच्या खोलीत विमल दाराआड उभी होती. सासऱ्याचा आवाज ओळखून तिनं पदर घेतला होता, आणि आपल्याबद्दल काही बोलणं निघतं का म्हणून ती कान देऊन होती. बोलणं दाराचं निघालं, क्लिपांचं निघालं, तिचं निघालं नाही.

उकंडराव कामाला लागले. हे मी बघितलेलं त्यांचं सगळ्यात सुंदर काम. दाराची कडी आणि काचेचा दांडा त्यांनी बारीक सळईनं खिळी ढकलून अलगद काढला. अस्तर खाली उतरवलं. पुठ्ठा ओल लागून कुजला होता, त्याची भोकं मोठी झाली होती, म्हणून क्लिपा धरत नव्हत्या. त्यांनी पातळ लाकडाचं नवं फळकट कापलं, जुनं रेक्झिन सोडवून त्यावर ताणून चिकटवलं. कापसाच्या गठाणीला बांधतात ती पोलादी पट्टी तोडून, वाकवून नव्या क्लिपा केल्या. एवढ्यावर ते थांबले असते, तर दार छान बसलं असतं आणि मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

पण त्यांनी दाराच्या पत्र्यावर टिचकी मारली. आतून घुमल्यासारखा आवाज आला. त्यांनी आत हात घातला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"पोकय हाये!" ते मला म्हणाले. "अर्धं दार पोकय हाये बाप्पा! वाजन नाई तं काय करन?"

गादी भरणाऱ्या माणसाला पोकळ जागा सहन होत नाही. आता त्या पोकळीचं कारण काय? रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची धूळ उडत होती, म्हणून सहदेवनं काच वर चढवून ठेवली होती. काच खाली घेतली की ती त्याच पोकळीत उतरते. हे मोटारवाल्यांना माहीत असतं. पण उकंडराव मोटारीच्या फक्त बैठकी भरत आले होते, आणि मी तर जन्मात मोटारीत बसलो नव्हतो. सहदेव निरोप घेऊन पलीकडे गेलेला. उकंडराव आत गेले आणि कापसाचं एक मोठं बोचकं घेऊन आले.

मागोमाग त्यांची बायको अन्नपूर्णाबाई आली. "अवो, हा विमलच्या गादीचा कापूस हाये ना! अन् दारात कापूस भरते काय कोनी?"

"गादीचा हाये, पन गादी न्याले कोन येऊन राह्यलं?" उकंडराव हळू आवाजात म्हणाले. मग मूठभर कापूस उचलून आत कोंबत म्हणाले, "अन् इवायाची गाडी आपल्या दारातून रिकामी धाडाची काय?"

पाहुण्याची गाडी रिकामी जाऊ देऊ नये, ही आमच्याकडची रीत. काही नाही तर टोपलीभर वांगी तरी ठेवायची, चार शेंगा ठेवायच्या. त्या घरचं पाणी न पिणारा माणूस वांगी कुठून नेणार? तेव्हा त्याला दिसणार नाही अशा जागी ठेवून द्यायचं, असा उकंडरावांचा हिशेब होता. लेकीसाठी राखलेला कापूस, सरकी काढून पिंजलेला, दुधासारखा पांढरा. निदान तो तरी धाडला पोचावा. दाराच्या कोपऱ्याकोपऱ्यात त्यांनी तो लाकडी ठोकणीनं ठासून भरला, वरून अस्तर बसवून क्लिपा ठोकल्या आणि कडी-दांडा परत लावला. ठोकताना त्यांचे डोळे ओले झाले होते.

मग त्यांनी दार लावलं. आधी हे दार लागताना भांड्यांची फळी कोसळल्यासारखा आवाज यायचा. आता फक्त 'धप्प' झालं. समोर हॉटेलात गुलाबरावांची मान पहिल्यांदा वळली. ते उठले, आले, कोणाकडे न बघता मोटारीत बसले, आणि आतून दारावर थाप मारून बघितली. आवाज नाही. चेहऱ्यावर समाधान आलं, ते त्यांनी मिशीखाली लपवलं आणि पानाचा तोबरा भरला. मोटार सुरू झाली की तंबाखूपान तोंडात, ही त्यांची जुनी सवय.

मोटार दहाबारा पावलं गेली आणि पुढे कापसाच्या गाड्या अडकल्या म्हणून थांबली. तोंडात पीक साठली. गुलाबराव थुंकायला काच खाली घेऊ लागले. दांडा फिरेना. जोर लावला, तेव्हा काच दोन बोटं उतरली आणि फटीतून कापसाचा एक पुंजका वर आला. त्यांनी दाराची कडी ओढली. काचेच्या रेट्यानं आतला कापूस कडीच्या तारेभोवती आवळला गेला होता, तीही हलेना. उजवीकडे ढेपेची पोती. पुढच्या बैठकीवरून उडी मारावी, तर गुलाबरावांचं शरीर जमीनदाराचं. ओरडावं, तर तोंड भरलेलं. त्यांनी काचेवर बुक्क्या मारल्या, डोळे मोठे केले, गाल फुगवले. सहदेवनं बाहेरून दार ओढून पाहिलं, मग पायानं रेटा देऊन ओढून पाहिलं. उकंडरावांचं काम पक्कं होतं.

सगळा बाजार गोळा झाला. लोक काचेला नाक लावून बघू लागले. धाडच्या मोटारवाल्याला काय झालं हे कोणाला कळेना. एकानं तर फिट आली म्हणून कांदा आणायला सांगितलं.

विमलला मात्र कळलं. रोज जेवण झाल्यावर सासऱ्यापुढे पिकदाणी ठेवायचं काम तिचंच होतं, त्या फुगलेल्या गालांचा अर्थ तिला पाठ होता. ती घरातून तसराळं आणि पाण्याचा गडवा घेऊन आली, डोईवरचा पदर सावरत गर्दीतून वाट काढली, पुढच्या दारानं आत शिरली आणि बैठकीवर गुडघे टेकून तसराळं मागे धरलं. मान खाली. गुलाबरावांनी तिच्याकडे बघितलं, काचेपलीकडच्या अख्ख्या नांदुऱ्याकडे बघितलं, आणि दुसरा उपायच नव्हता म्हणून वाकले. मग तिनं गडवा पुढे केला. त्यांनी चूळ भरली. घशाला तंबाखूचा ठसका लागला होता, म्हणून उरलेलं पाणी ते घटाघटा प्यायले. गडवा रिकामा झाल्यावर आपण कोणाच्या घरचं पाणी प्यालो हे त्यांच्या लक्षात आलं. तोवर ते पोटात पोचलं होतं.

काचेवरच्या दोन बोटांच्या फटीला तोंड लावून ते ओरडले, "इवाई! काय करून ठेवलं हो हे?"

"पक्कं केलं," उकंडराव बाहेरून म्हणाले. दुसरं काय सांगणार?

पण 'इवाई' हा शब्द त्यांनी ऐकला होता, मीही ऐकला होता, आणि अन्नपूर्णाबाईंनी तर तोंडाला पदर लावला.

आता दार उघडायचं तर अस्तर आतूनच काढायला हवं. विमल खाली उतरली आणि उकंडराव पुढच्या बैठकीवरून मागे उतरले. पोती आणि गुलाबराव यांच्यामध्ये जेमतेम एका माणसाची जागा होती, तिच्यात ते शिरले. मांडीला मांडी लागली. एकमेकांकडे पाठ करायची म्हटली तरी वळायला जागा नव्हती. उकंडरावांनी पकड लावून अस्तर ओढलं. निघेना. स्वतःचं काम स्वतः उखडायची पाळी त्यांच्यावर जन्मात आली नव्हती. त्यांना घाम फुटला.

"सरका तिकडं," गुलाबराव म्हणाले, आणि त्यांनी दुसरी बाजू धरली. "आता ओढा. हं!"

दोन व्याह्यांनी मिळून हिसडा दिला. अस्तर निघालं आणि ठासून भरलेला कापूस सुटून उसळला. कोटावर कापूस, मांडीवर कापूस, मिशांना कापूस. दारातून अख्खी गादी बाहेर येत होती. बाजार पोट धरून हसला. गुलाबरावांचा चेहरा लाल झाला, आता हा माणूस कायमचा गेला असं मला वाटलं. तेवढ्यात जवळून एक हसू ऐकू आलं. विमल पदराचा बोळा तोंडात धरून हसत होती, ते काही केल्या आवरत नव्हतं. कितीतरी महिन्यांनी ती हसली होती.

गुलाबरावांनी तिच्याकडे बघितलं. मिशीतला कापूस काढून हातात घेतला, बोटांनी चोळून पाहिला.

"चांगला हाये कापूस. कायचा?"

"विमलच्या गादीचा," उकंडराव म्हणाले.

गुलाबरावांनी हातातला पुंजका मुठीत धरला. मग एकदम खेकसले, "सूनबाई, हासू नको! बोचकं बांध आपलं. राजूरच्या घाटात अजून काई अडकलं, तं म्या कोनाले हाका मारू? या सहदेवले? त्याले तोंडाकडं पाहून काई समजते काय?"

एवढंच. माफी कोणी मागितली नाही, केली नाही. ढेपेची पोती उतरवून माझ्या दुकानात टाकली, ती आठवडाभर तिथंच पडून होती आणि मी सायकली रस्त्यावर ठेवून धंदा केला. अन्नपूर्णाबाईंनी कापूस वेचून पुन्हा बोचक्यात बांधला आणि विमलच्या मांडीवर ठेवला. उकंडराव अस्तर परत ठोकायला निघाले, तेव्हा गुलाबराव घाईघाईनं म्हणाले, "राहू द्या, राहू द्या इवाई. नुसतं टेकवा." मग दोनच क्लिपा लावल्या. मोटार निघाली तशी त्या दाराची खडखड सुरू झाली, आणि जिनाच्या वळणापर्यंत आम्हांला ती ऐकू येत होती.

यानंतर उकंडरावांकडे कोणी मोटार आणली नाही, ते गाद्याच भरत राहिले. विमलला मुलं झाली. सणावाराला काळी मोटार यायची, आणि ती जिनाच्या वळणावर आली की दाराची खडखड आधी पोचायची. ती ऐकू आली की अन्नपूर्णाबाई चुलीवर तवा चढवत. सरस्वतीबाईसुद्धा शपथ विसरून त्या दारानं चढत, फक्त पदर आवरून धरत.

एकदा मोटार दारात उभी असताना उकंडराव हातात पकड घेऊन तिच्याजवळ गेले. मी धावत बाहेर आलो. त्यांनी ते अस्तर दोन बोटांनी हलवलं, वाजवून बघितलं, पुन्हा एकदा वाजवलं, आणि पकड खिशात टाकली.

"काऊन? करत नाई काय पक्कं?" मी विचारलं.

"वाजू दे बाप्पा," ते म्हणाले. "बंद झालं तं लेक आली हे कसं समजन?"